वाचकांचे प्रश्न : दूध, जड अन्न आणि रोजचे वचन

या वेळी आलेल्या पत्रांतले प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या तळाशी एकच काळजी आहे: इतकी वर्षे विश्वासात असूनही आपण वाढतो आहोत का? नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक पाचव्या अध्यायाच्या शेवटी नेमके हेच विचारतो. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, तो म्हणतो, पण तुम्हांला अजून दूधच लागते आहे. ते वाक्य मनाशी ठेवूनच ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : दर वर्षी १ जानेवारीला संपूर्ण बायबल वाचायला घेते आणि दर वर्षी लेवीयाच्या पुस्तकापाशी थांबते. माझी श्रद्धाच कमी पडते का?

श्रद्धेचा नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे. बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांत संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय वाचावे लागतात. पहिल्या दोन पुस्तकांचे अध्याय असे: उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०. रोज तीन धरले तर २५व्या दिवशी तुम्ही निर्गमाच्या २५व्या अध्यायात येता. तिथे कथा थांबते आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, पडदे, कड्या, खांब सुरू होतात. ३१व्या दिवशी लेवीय उघडते. म्हणजे महिना सरता सरता दर वर्षी तुम्ही त्याच जागी पोहोचता, आणि तोवर दोन-चार दिवस बुडालेलेही असतात. दोन दिवस चुकले की सहा अध्याय साचतात, आणि मग वाचन म्हणजे थकबाकी फेडणे होऊन बसते. थकबाकी फेडताना कोणी देवाचा आवाज ऐकत नाही.

या वर्षी नव्या कराराने सुरुवात करा. त्यात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले की ५२ आठवड्यांत तो बरोबर पुरा होतो आणि आठवड्याचे दोन दिवस मोकळे राहतात. ते बुडालेले भरून काढायला नकोत. त्या दिवशी आठवड्यातला एखादा उतारा पुन्हा वाचा. पहिले पुस्तक मार्काचे शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, तीन आठवडे आणि एक दिवस. वाचलेल्या अध्यायावर खूण करा, तारखेवर नको. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी जिथे होता तिथूनच पुढे.

आणि लेवीय सोडून देऊ नका. इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० हे अध्याय वाचून झाले की लगेच लेवीयाचा १६वा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अध्याय वाचा. मग १९वा. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा त्याच्याच १८व्या वचनात आहे. येशूने जिला दुसरी मोठी आज्ञा म्हटले ती, आपण दर वर्षी जिथे कंटाळून थांबतो त्याच पुस्तकातली आहे.

प्रश्न : ‘वचनावर मनन करा’ असे सगळेच सांगतात. करायचे काय, हे कोणी सांगत नाही. डोळे मिटून बसलो की मन भरकटते.

पहिल्या स्तोत्रात जो माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो, त्याच्यासाठी मूळ हिब्रूत ‘हागा’ हे क्रियापद आहे. यशयाच्या ३१व्या अध्यायात तेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येते आणि ३८व्या अध्यायात घुमणाऱ्या पारव्यासाठी. म्हणजे मनन ही मुळात ओठांची गोष्ट आहे, पुटपुटण्याची. मन रिकामे करणे बायबलला अभिप्रेत नाही, ते एका वाक्याने भरणे अभिप्रेत आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात लोक ‘व्यर्थ योजना’ करतात तिथेही हेच क्रियापद आहे. तेव्हा घोळवतो तर प्रत्येकजणच काही ना काही. अपमान घोळवतो, चिंता घोळवतो. सवय तुम्हांला आहेच, फक्त विषय बदलायचा आहे.

बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे शांत राहणे अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. तिच्यावरच आधारून वीस मिनिटांची एक रीत देतो.

उतारा लहान घ्या, पाच ते दहा वचनांचा. समजा नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातला, १:१९–२५. पहिली तीन मिनिटे तो दोनदा मोठ्याने वाचा, दुसऱ्यांदा अधिक सावकाश. पुढची सात मिनिटे पेन हातात घ्या आणि फक्त जे लिहिले आहे ते टिपा: कोण कोणाला बोलतो, कोणता शब्द पुन्हा येतो, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ कुठे आहेत. ‘म्हणून’ दिसला की मागे जायचेच. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभीचा ‘म्हणून’ मागच्या अकरा अध्यायांना धरून उभा आहे. तो गाळला तर कृपेचा अध्याय नुसत्या नियमांची यादी होतो. त्यानंतर पाच मिनिटे एकच वाक्यांश घ्या, ‘ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश’, आणि तो हळू आवाजात म्हणत राहा. मन भरकटेल. भरकटले की वाक्यांशाकडे परत या, स्वतःवर चिडू नका. शेवटची पाच मिनिटे त्याच शब्दांत प्रार्थना करा, थोडा वेळ गप्प बसा, आणि उठण्याआधी एक कृती लिहा.

ही कृती इतकी नेमकी हवी की ती झाली की नाही हे रात्री सांगता यावे. ‘मी अधिक संयमी होईन’ हे चालणार नाही. ‘आज दुपारच्या बैठकीत समोरच्याचे वाक्य पुरे झाल्याशिवाय मी उत्तर देणार नाही’ हे चालेल. याकोब तिथेच आरशाचे उदाहरण देतो. आपला चेहरा पाहून निघून गेलेला माणूस तो लगेच विसरतो. कृती न लिहिता उठणे म्हणजे आरशापासून तसेच निघून जाणे.

बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, सात मिनिटांचा टप्पा गाळून थेट ‘यात माझ्यासाठी काय आहे?’ याकडे उडी मारली जाते, आणि वचन आपल्याच मनातले बोलू लागते. दोन, मनन करतानाच ते दुसऱ्या कोणाला सांगायचे कसे याची जुळवाजुळव सुरू होते. उपदेश करणाऱ्यांना हा मोह फार. तसे झाले की त्या दिवशीचे टिपण कोणालाही न दाखवण्याचे ठरवा.

प्रश्न : देवाचे संकल्प हिताचे आहेत असे सांगणारे यिर्मया २९:११ हे माझे आयुष्याचे वचन आहे. ‘ते तुझ्यासाठी लिहिलेले नाही’ असे एकाने सांगितले तेव्हा वाईट वाटले. मग वचन आपलेसे करायचेच नाही का?

करायचे, पण पूर्ण करायचे. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. राजा यखन्याबरोबर बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून ते पाठवले. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असे सांगत होता. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया लिहितो: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत आहे: सत्तर वर्षे. ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला कळले असेल की परतीची वाट आपल्या डोळ्यांनी दिसणार नाही. ‘हिताचे संकल्प’ हे शब्द अशा माणसाला सांगितले आहेत.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे, जी आजच्या इंग्रजी भाषांतरांच्या वाचकाला नाही. आपल्या भाषांतरात देव एका माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. तेव्हा देवाच्या तोंडी ‘तुम्ही’ आले की ते आदरार्थी नसते, अनेकवचनीच असते. यिर्मया २९:११ मध्ये ‘तुम्ही’ आहे. वचन एका समाजाला दिले आहे. प्रेषित पौल ‘तुम्ही देवाचे मंदिर आहा’ असे करिंथकरांना लिहितो तेही सगळ्या मंडळीला मिळून. लूक २२:३१–३२ मध्ये तर हा फरक एकाच दमात दिसतो. सैतानाने ‘तुम्हांला’ चाळण्यासाठी मागितले, येशू म्हणतो, पण शिमोना, मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली आहे. एक महिनाभर वाचताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ खाली रेघा मारून पाहा. एकट्याचे म्हणून पाठ केलेले किती काही सगळ्यांचे निघते!

त्यामुळे ते वचन सोडू नका. त्याच्या शेजारी दहावे लिहा आणि सातवेही. नोकरीच्या मुलाखतीआधी ‘सगळे माझ्या मनासारखे होईल’ याची हमी म्हणून ते वापरले, तर मुलाखत फसली की देवच खोटा ठरल्यासारखे वाटते. फिलिप्पैकरांस ४:१३चेही तसेच होते. ‘मी सर्वकाही करू शकतो’ याच्या आधीची दोन वचने अन्नतृप्त असणे आणि भुकेले असणे, विपुलता आणि गरज यांविषयी आहेत, आणि लिहिणारा तुरुंगात आहे.

संदर्भ तोडण्याचा धोका किती खोल जातो याचे उदाहरण शुभवर्तमानातच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात परीक्षक, म्हणजे सैतान, ९१व्या स्तोत्रातले वचन अचूक उद्धृत करतो, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळून. येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर देतो, आणि तिन्ही वचने आज्ञापालनाविषयीची आहेत.

प्रश्न : बावीस वर्षे विश्वासात आहे. बायबल अभ्यास घेतो. तरी घरात राग आवरत नाही. मी प्रौढ आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न विचारायला धैर्य लागते. त्याला मोघम उत्तर देणे अन्याय होईल.

नव्या करारात ‘प्रौढ’ किंवा ‘पूर्ण’ यासाठी ‘तेलेयॉस’ हा ग्रीक शब्द येतो. ज्यासाठी घडवले त्या अवस्थेला पोहोचलेला, असा त्याचा अर्थ. निर्दोष असाच अर्थ दर वेळी घ्यायचा नसतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल बाराव्या वचनात ‘मी पूर्ण झालो आहे असे नाही’ म्हणतो आणि पंधराव्यात ‘आपल्यातले जे प्रौढ आहेत’ म्हणतो. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. आपण पोहोचलेलो नाही हे माहीत असून पुढे धावत राहणारा, तो पौलाच्या लेखी प्रौढ.

आता मोजमाप. करिंथच्या मंडळीत कशाचीच उणीव नव्हती. कोणत्याही कृपादानात, म्हणजे देवाने दिलेल्या देणगीत, तुम्ही उणे नाही, असे पौल पहिल्याच अध्यायात लिहितो. ज्ञान होते, वक्तृत्व होते. तरी तिसऱ्या अध्यायात तो त्यांना बाळके म्हणतो, आणि पुरावा काय देतो? तुमच्यात हेवा व कलह आहेत. म्हणजे अभ्यास घेता येणे हे दान आहे, प्रौढतेचा दाखला नव्हे. गलतीकरांस ५:२२–२३ मधल्या यादीत नऊ गुण आहेत पण ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. दाने वेगवेगळ्यांना वेगवेगळी मिळतात, फळ मात्र प्रत्येकात सगळे मिळून यायचे असते. ‘माझ्याकडे विश्वासूपणा आहे, सौम्यता माझा प्रांत नाही’ असे म्हणायची सोय त्यात नाही.

तुमच्यासाठी सर्वांत थेट वचन याकोब ३:२. बोलण्यात जो चुकत नाही तो ‘तेलेयॉस’ पुरुष, सर्व शरीराला लगाम घालणारा. याकोबाच्या पाचही अध्यायांत बोलण्याचा विषय येतो. तेव्हा मोजायचेच तर जीभ मोजा, आणि घरातली. मंडळीतली जीभ सांभाळलेली असते.

चार आठवडे असे करा. एक छोटी वही ठेवा. राग आला की त्याच दिवशी चार गोष्टी लिहा: केव्हा, कोणावर, तोंडून निघालेले नेमके शब्द, आणि त्याआधीच्या तासात काय झाले होते. पहिले दोन आठवडे काहीही सुधारायचा प्रयत्न करू नका, फक्त लिहा. मग नोंदी एकत्र वाचा. बहुतेक वेळा एकच वेळ, एकच प्रकारचा प्रसंग पुन्हापुन्हा येतो, आणि त्याच्या मुळाशी एक मागणी असते: मला मान हवा, निवांतपणा हवा, माझे ऐकले जावे. याकोब ४:१–२ हेच सांगते, भांडणे तुमच्या इंद्रियांत लढणाऱ्या वासनांतून येतात. ती मागणी नावानिशी देवापुढे कबूल करा. ‘प्रभू, माझा राग काढून घे’ ही प्रार्थना फार ढोबळ आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या एका वेळेपुरते एकच काम करायचे. घरी येताच रागावणे होत असेल, तर दाराबाहेर दोन मिनिटे थांबून एक वचन पुटपुटून आत जा. तोल गेलाच तर त्याच दिवशी त्या माणसाची क्षमा मागा. त्यात ‘पण’ नको. ‘मी ओरडलो, पण तूही’ ही क्षमायाचना नव्हे, तो दुसरा आरोप आहे. मुलांचीही क्षमा मागा. यश मोजायची खूण ही: स्फोट कमी झाले का, आणि स्फोटापासून क्षमा मागण्यापर्यंतचा वेळ तीन दिवसांवरून तीन तासांवर आला का? दुसरी गोष्ट आधी घडते, पहिली मागाहून. आणि हे सगळे वहीबाहेरच्या एका माणसाला सांगा, ज्याला तुमच्याविषयी भीड वाटत नाही. राग हातापर्यंत जात असेल, घरातले भीत असतील, तर वहीवर थांबू नका. आजच पाळकांना आणि प्रशिक्षित समुपदेशकाला सांगा. घरच्यांची सुरक्षितता आधी, तुमची वाढ नंतर.

इब्री ५:१४ मध्ये प्रौढांची ज्ञानेंद्रिये ‘सरावाने’ तयार झालेली असतात असे म्हटले आहे. तिथले क्रियापद ‘गुम्नाझो’, आखाड्यात अंग कमावणे. बावीस वर्षे अभ्यास झाला आहे, आता कसरत सुरू करायची आहे.

प्रश्न : प्रार्थनेत काहीच वाटत नाही. शब्द कोरडे. देव दूर गेला आहे का?

आधी तीन गोष्टी तपासा, या क्रमाने. झोप आणि शरीर. मग, माहीत असून न सोडलेले एखादे पाप. मग, एखादे दुःख जे अजून देवापुढे मांडलेलेच नाही. हा क्रम मुद्दाम दिला आहे. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. प्रश्न विचारला जातो तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर, चाळीस दिवसांनी.

पाप सापडले तर १ योहान १:९ आहे. कबूल करा आणि पुढे चला. काहीच सापडले नाही तर उगाच उकरत बसू नका. कोरडेपणा ही दर वेळी शिक्षा नसते. अशा काळात स्वतःचे शब्द जमवण्याऐवजी स्तोत्रांचे उसने घ्या. १३वे स्तोत्र सहाच वचनांचे आहे. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर?’, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच घाटात स्वतःचे सहा ओळींचे स्तोत्र लिहा. शेवटच्या दोन ओळी खऱ्या मनाने लिहवत नसतील तर कोऱ्या सोडा. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच ठेवले आहे.

प्रार्थनेचा वेळ कमी करा, पण मोडू नका. दहा मिनिटे पुरे. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. त्याने विश्वास कमी ठरत नाही. एलीयालाही भाकर लागली.

प्रश्न : क्षमा केली, पण त्या माणसावर पुन्हा विश्वास बसत नाही. म्हणजे क्षमा खोटी होती का?

नाही. भावांनीच गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाकडे पाहा. भाऊ मिसरात येण्याआधीच त्याने थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले होते, देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले म्हणून. तरी भाऊ समोर आल्यावर त्याने लगेच ओळख दिली नाही. दोन फेऱ्यांमध्ये त्यांना पारखले. भावांपैकी यहूदा धाकट्या बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे त्याचा बांध फुटला. ज्याने योसेफाला विकायची सूचना केली होती, तोच हा यहूदा. सूड सोडणे एकट्याच्या हातात असते, विश्वास दोघांनी मिळून पुन्हा उभा करावा लागतो. रोमकरांस १२:१८ मध्येही ‘शक्य असल्यास’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन अटी आहेत. आणि सतरा वर्षांनी त्यांचा बाप याकोब वारल्यावर भावांनाच पुन्हा भीती वाटली, तेव्हा योसेफ रडला. वेळ लागतो.

प्रश्न : आमच्या घरगुती अभ्यासात एकच भाऊ तासभर बोलतात. बाकीचे ऐकतात. कसे सांगावे?

१ करिंथ १४:३० त्यांच्याबरोबर वाचा: बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झाले तर पहिल्याने गप्प राहावे. हे आधी एकांतात सांगा, सगळ्यांसमोर नको. मग बैठकीची रचनाच बदला. आठ वचने, प्रत्येकाने एक वाचायचे. पहिली पंधरा मिनिटे फक्त ‘इथे काय लिहिले आहे’ यावर, कोणीही दोनदा बोलण्याआधी प्रत्येकाने एकदा. अर्थ त्यानंतर. ज्यांना सर्वांत जास्त येते त्यांना शेवटी बोलू द्या, दहा मिनिटे. आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाने त्या आठवड्याची एक कृती सांगायची. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या भावांच्या कृतीपासून करा.